गोळी कोठे उतरते?

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात आमच्या शाळेत जंतनाशक गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम असतो. २०१५ साली हा उपक्रम देशात सुरू झाला. आरोग्य खात्याची माणसे गोळ्या आणून देतात, शिक्षक वर्गावर्गांतून फिरतात आणि प्रत्येक मुलाने समोर उभे राहून गोळी चावून खाल्ली, याची खात्री करून मगच यादीत खूण करतात. मुख्याध्यापक या नात्याने मी नुसता इकडून तिकडे हिंडत असतो. काही वर्षांपूर्वी असाच हिंडत असताना आठवीतल्या एका मुलीने मला मध्येच अडवून विचारले, "सर, ही गोळी खाल्ल्यावर जाते कुठे?"

मी इतिहासाचा एम.ए. पानिपतावर विचारले असते, तर तासभर बोललो असतो. "पोटात विरघळते आणि रक्तात मिसळते, बाळ," असे म्हणून मी पुढे सरकलो. तिचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही. कारण त्या एका वाक्यात दोन चुका होत्या. पहिली अशी की, जंताची ती गोळी रक्तात फारशी मिसळतच नाही. तिचे बरेचसे औषध आतड्याच्या पोकळीतच राहते, आणि जंतही तेथेच असल्यामुळे तेच आपल्याला हवे असते. दुसरी चूक 'पोटात' या शब्दात होती. पोटात घेतलेली बहुतेक औषधे ज्याला आपण पोट म्हणतो त्या जठरात रक्तात शिरत नाहीत. ती शिरतात त्याच्या पुढे, आणि प्रत्येक औषधाची जागा तीच असते असेही नाही. ही जागा ठाऊक नसल्याची किंमत आमच्या घराने एकदा मोजली आहे. ती हकीकत शेवटी सांगेन. आधी ही जागा माणसाला कळली कशी, त्याचा इतिहास पाहू. तो आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठे नाही.

मार्गाची ओळख करून घेण्यासाठी आपल्या भागातलेच उदाहरण घेतो. बेळगावहून लोंढ्याकडे जाणारी पॅसेंजर गाडी देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी अशी थांबत थांबत जाते. गाडीत माणसे सगळीच बसलेली असतात, पण प्रत्येकाचे उतरण्याचे ठिकाण वेगळे. गुंजीच्या माणसाला खानापूरचा फलाट काय कामाचा? अन्नमार्गाचेही तसेच आहे. तोंड, अन्ननलिका, मग जठर. त्यापुढे लहान आतडे. त्याचे तीन भाग: पहिले वीतभर ते आद्यांत्र, मधले ते मध्यांत्र आणि शेवटचे ते शेषांत्र. त्यानंतर मोठे आतडे. आपल्या आयुर्वेदाने जठराग्नीचे स्थान म्हणून 'ग्रहणी' या अवयवाला फार महत्त्व दिले, आणि औषध कोणत्या वेळी घ्यावे याचे पाच काळ शार्ङ्गधराने सांगितले. औषध आणि अन्न यांच्या वेळेचा संबंध आहे, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते. पण आत प्रत्यक्ष काय घडते हे पाहण्याची सोय तेव्हा जगात कोठेच नव्हती.

पाहण्याची पहिली धडपड अठराव्या शतकातली. पोटात अन्न दळले जाते, की कुजते, की कसल्या रसाने विरघळते, असा वाद युरोपातल्या पंडितांत चालला होता. रेओम्युर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७५२ साली एक पाळीव घार हाताशी धरली. घार न पचणाऱ्या वस्तू ओकून टाकते, हे त्याला ठाऊक होते. त्याने धातूच्या नळीत मांसाचा तुकडा ठेवला, नळीच्या तोंडाशी जाळी बसवली आणि ती घारीला गिळायला लावली. नळी परत आली तेव्हा ती कोठे चेपलेली नव्हती, मांस मात्र अर्धेअधिक विरघळले होते. दळण्याचा प्रश्न मिटला. नंतर इटलीतल्या स्पलांझानी या पाद्री असलेल्या शास्त्रज्ञाने हाच प्रयोग स्वतःवर केला. अन्न भरलेल्या कापडी पिशव्या आणि भोके पाडलेल्या लाकडी नळ्या तो स्वतः गिळत असे. १८२४ साली इंग्लंडमधल्या विल्यम प्राउटने जठरातले आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, असे प्रसिद्ध केले. रस आहे, तो आम्ल आहे, एवढे कळले. परंतु जिवंत माणसाच्या जठरात डोकावून कोणी पाहिलेले नव्हते.

ती संधी एका अपघाताने आली. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर ह्युरॉन सरोवरात मॅकिनॅक नावाचे बेट आहे. तेथे कातड्यांच्या व्यापाराचे ठाणे होते. ६ जून १८२२ रोजी त्या ठाण्याच्या दुकानात बंदूक चुकून उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन या विशीच्या आतबाहेरच्या कॅनेडियन हमालाच्या डाव्या कुशीत अगदी जवळून छर्रे शिरले. किल्ल्यावरचा लष्करी डॉक्टर विल्यम बोमंट धावत आला. हा पोरगा जगणार नाही, असे त्याला वाटले होते. पण पोरगा जगला. जखम भरली, फक्त जठराला पडलेले भोक बुजले नाही. ते कातडीला चिकटून कायमचे उघडे राहिले.

बोमंटने त्याला आपल्या घरी ठेवले, घरकामाला लावले, आणि १८२५ पासून त्याच्यावर प्रयोग सुरू केले. रेशमी दोऱ्याला मांसाचा, पावाचा, कोबीचा तुकडा बांधून तो भोकातून आत सोडायचा आणि ठरावीक वेळाने बाहेर ओढून पाहायचा. जठरातला रस काढून बाटलीत घ्यायचा, त्यात मांस टाकून ती अंगाच्या उष्णतेइतकी गरम ठेवायची. बाटलीतही मांस विरघळे. सेंट मार्टिन रागावला की पचन बिघडते, याचीही त्याने नोंद केली. २३८ प्रयोगांचे त्याचे पुस्तक १८३३ साली प्रसिद्ध झाले. जठराविषयीचे आधुनिक ज्ञान त्या पुस्तकापासून सुरू होते, असे म्हणायला हरकत नाही.

पण इतिहासाच्या शिक्षकाने येथे थोडे थांबले पाहिजे. सेंट मार्टिन निरक्षर होता. करारनाम्यावर त्याची फुली आहे. तो एकदा प्रयोगांना कंटाळून कॅनडात निघून गेला, लग्न करून बसला, आणि गरिबीपायी पुन्हा बायकामुलांसह परत आला. रिकाम्या पोटी तासन् तास पडून राहणे, पोटातून नळी घालून रस काढून देणे, हे त्याचे 'काम' होते. बोमंट १८५३ साली वारला. पोटाला भोक असलेला सेंट मार्टिन त्याच्यानंतर २७ वर्षे जगला आणि १८८० साली वारला. त्याचे प्रेत डॉक्टरांच्या हाती पडू नये म्हणून घरच्यांनी ते कुजेपर्यंत तसेच ठेवले आणि मग खोल खड्डा खणून पुरले. आपल्या माणसाच्या शरीरावरचा हक्क परत मिळवण्याचा त्या गरीब कुटुंबाजवळ तेवढाच उपाय होता. बोमंटच्या नावाबरोबर या हमालाचेही नाव घेतले पाहिजे, असे मला वाटते.

बोमंटच्या कामाचा एक उलटा परिणामही झाला. जठर दिसले, म्हणून सगळे पचन जठरातच होते, ही समजूत पक्की झाली. जे दिसते तेच सर्वस्व मानण्याची खोड इतिहासकारांना असते, तशी शास्त्रज्ञांनाही असते. ती मोडली फ्रान्सच्या क्लोद बर्नारने. सशाच्या शरीरात पित्ताची नळी आतड्याच्या सुरुवातीला उघडते, आणि स्वादुपिंडाची नळी बरीच पुढे. चरबीयुक्त अन्न दिलेला ससा उघडून पाहिला, तेव्हा दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या वाहिन्या या दुसऱ्या नळीच्या पुढेच सुरू होतात, असे त्याला दिसले. म्हणजे स्निग्ध पदार्थांवर खरे काम जठराच्या पलीकडे, स्वादुपिंडाच्या रसाने होते. हे १८४८ च्या सुमाराचे.

याच बर्नारने क्युरारी या विषाचा अभ्यास केला. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला ते लावून शिकार करीत. बाण लागला की जनावर लुळे पडून मरे, पण तेच मांस खाणाऱ्याला काही होत नसे. विष तेच, माणूस तोच. रक्तात गेले तर मरण, तोंडाने गेले तर काही नाही. पदार्थ शरीरात 'असणे' आणि रक्तात 'शिरणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कोण सांगणार? आतड्याची पोकळी हे शरीराचे अंगण आहे. घरात जायला उंबरा ओलांडावा लागतो. या ओलांडण्यालाच शोषण म्हणतात.

हे ज्ञान औषधाच्या गोळीपर्यंत पोचायला आणखी चाळीसेक वर्षे लागली. हॅम्बुर्गचा त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना याच्यापुढे व्यवहारातली अडचण होती. काही औषधे जठराची आग करतात, काहींचा जठरातले आम्ल नाश करते. ती जठरातून सुखरूप पुढे कशी न्यावीत? १८८४ साली त्याने गोळीला केराटिनचे आवरण दिले. केराटिन म्हणजे शिंगे, खूर, केस, नखे ज्याची बनतात तो पदार्थ. तो आम्लाला दाद देत नाही, पुढे आतड्यात मात्र विरघळावा, ही अपेक्षा. अपेक्षा पूर्णपणे फळाला आली नाही. कधी कधी गोळी आतड्यातही न विरघळता जशीच्या तशी बाहेर पडे. पण कल्पना अस्सल होती. पुढे त्यासाठी लाख वापरली गेली, आपल्या बायका जिच्या बांगड्या घालतात तीच. मग सेल्युलोजपासून केलेली आवरणे आली.

आज घरोघरी पित्तासाठी घेतली जाणारी पॅन्टोप्राझोलची गोळी ही उन्नाचीच नात. तिचा प्रवास मोठा गमतीचा आहे. ज्या आम्लाचा बंदोबस्त करायचा, त्याच आम्लात ती उघडी पडली तर नष्ट होते. म्हणून आवरण घालून ती जठरातून गुपचूप निसटते, लहान आतड्यात उतरते, रक्तात शिरते, आणि रक्ताच्या वाटेने परत जठराच्या भिंतीशी मागच्या दाराने येऊन आम्ल तयार करणाऱ्या पेशींना आवरते. अशी गोळी 'आजोबांना गिळवत नाही' म्हणून कुटून मधातून दिली, तर औषध दिल्याचे समाधान मिळते, औषधाचा बराचसा भाग मात्र वाया जातो. आवरण शोभेसाठी नसते. गोळी कुटावी की नाही, हे दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

गोळी नेमकी कोठे शोषली जाते, याचा नियम बसवण्याचा मोठा प्रयत्न १९५७ साली अमेरिकेतल्या बेथेस्डा येथे झाला. बर्नार्ड ब्रॉडी आणि त्याचे सहकारी शोर व हॉगबेन यांनी एक सिद्धान्त मांडला. पेशींचे आवरण स्निग्ध असते, आणि विद्युतभार नसलेला रेणू त्यातून सहज पार होतो. ॲस्पिरिनसारखे सौम्य आम्लधर्मी औषध जठरातल्या आम्लात भाररहित राहते, म्हणून ते तेथे शोषले जावे. अल्कधर्मी औषधे आतड्यात भाररहित होतात, म्हणून ती तेथे. सिद्धान्त सुटसुटीत होता, लगेच पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला, आणि रेणूंच्या स्वभावाविषयी तो आजही खोटा ठरलेला नाही. पण हिशेबात एक गोष्ट कमी पडली होती: जागेचा विस्तार.

जठर ही पिशवी आहे. लहान आतडे ही अनेक मीटर लांबीची नळी असून तिच्या आतल्या बाजूला घड्या, घड्यांवर मखमलीसारखे अंकुर, आणि अंकुरांच्या पेशींवर त्याहून सूक्ष्म अंकुर असतात. त्यामुळे तिचे अस्तर अफाट वाढते. आमच्या पिढीच्या शिक्षकांनी "आतडे उलगडले तर टेनिसचे मैदान भरेल" असे मुलांना सांगितले. मीही सांगितले आहे. २०१४ साली स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या दोन संशोधकांनी नव्याने मापे घेतली, तेव्हा हा आकडा सुमारे ३० चौरस मीटर निघाला, म्हणजे बॅडमिंटनचे अर्धे मैदान. टेनिसचे मैदान मी मुलांपुढे जाहीरपणे मागे घेतले. तरी अर्धे बॅडमिंटनचे मैदान काही थोडे नव्हे. जठराचे अस्तर त्यापुढे किरकोळ आहे, शिवाय त्यावर घट्ट श्लेष्म्याचा थर असतो. म्हणून आम्लधर्मी ॲस्पिरिनसुद्धा मुख्यतः लहान आतड्यातच शोषले जाते. दार थोडे अरुंद असले, तरी दारे हजारो असली तर गर्दी तिकडूनच आत शिरणार.

म्हणजे जठराचे काम काय? फाटकवाल्याचे. ते जितक्या लवकर पुढे सोडील, तितक्या लवकर औषध लागू पडेल. १९७३ साली एडिंबरा येथील डॉक्टरांनी पॅरासिटामॉलवर हेच दाखवून दिले. ज्याचे जठर भराभर रिकामे होई, त्याच्या रक्तात औषध लवकर चढे. ज्याचे संथ, त्याच्या रक्तात सावकाश. जड जेवणावर घेतलेली डोकेदुखीची गोळी उशिरा गुण का देते, याचे कारण हे. 'उपाशीपोटी', 'जेवणानंतर', 'दुधाबरोबर नको' हे चिठ्ठीवरचे शब्द आपण डॉक्टरांची लहर समजतो, ते वेळापत्रक असते. लोहाची गोळी घ्या. लोह उतरते मुख्यतः आद्यांत्राच्या त्या वीतभर जागेत. त्याच वेळी कपभर चहा घेतला, तर चहातली द्रव्ये लोहाला धरून बसतात आणि ते न उतरताच पुढे निघून जाते.

काही औषधांनी तर हा सारा मार्गच टाळलेला बरा. आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतात जाते, आणि यकृत मोठा कडक नाकेदार. नायट्रोग्लिसरीन, ज्यापासून डायनामाइट करतात तेच, हृदयशूलावर उपयोगी पडते, हे लंडनच्या विल्यम मरेलने १८७९ साली प्रसिद्ध केले. स्वतःवर प्रयोग करताना त्याने बाटलीचे ओले बूच जिभेला लावले आणि क्षणात त्याचे डोके ठणकू लागले. गिळले तर यकृत त्यातले बहुतेक नष्ट करते. जिभेखाली ठेवले तर तेथल्या रक्तवाहिन्यांतून ते यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाते. म्हणूनच 'ही गोळी गिळू नका, जिभेखाली ठेवा' असे सांगतात.

याच्या अगदी उलट टोकाला मोठे आतडे. स्टॉकहोमच्या डॉक्टर नाना स्वार्त्झ यांनी सल्फासालाझिन हे औषध सांधेदुखीसाठी योजले. १९४२ पर्यंत त्यांनी ते मोठ्या आतड्याच्या व्रणांवर वापरून पाहिले होते. त्याची जोडी लहान आतड्यात फारशी शोषली जात नाही. मोठ्या आतड्यातले जंतू ती जोडी फोडतात, आणि हवे ते औषध हव्या त्या जागीच मोकळे होते. ज्या जंतूंना आपण घाण म्हणतो, त्यांनीच पुडी उघडून द्यायची!

आता शेषांत्राकडे, आणि आमच्या आबांकडे.

एकोणिसाव्या शतकात एका असाध्य पंडुरोगाने माणसे मरत. रक्त फिके पडे, पायांना मुंग्या येत, तोल जाई. १९२६ साली बॉस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी रोग्यांना रोज पावशेरभर यकृत खायला घालून हा रोग आटोक्यात आणला. पुढे १९३४ साली त्यांना व्हिपल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मग निरोग्यांना इतके यकृत का लागत नाही? त्याच शहरातल्या विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरने उत्तर शोधले ते ऐकून किळस येईल, पण आदरही वाटेल. तो स्वतः मांस खाई, तासाभराने ते ओकून काढी, आणि ते रोग्याच्या पोटात नळीने घाली. नुसत्या मांसाने गुण येत नसे, याने येई. म्हणजे निरोगी जठर अन्नातल्या कशाला तरी एक सोबती देते. ते 'काहीतरी' म्हणजे १९४८ साली हाती आलेले बी-१२ जीवनसत्त्व. आणि १९५९ साली लंडनच्या बूथ आणि मॉलिन यांनी किरणोत्सारी कोबाल्टची खूण केलेले बी-१२ देऊन दाखवले की, माणसात ते उतरते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, शेषांत्रात. जठरापासून सोबती घेऊन निघालेला हा प्रवासी सगळी ठाणी सोडून थेट शेवटच्या ठाण्यावर उतरतो.

याच काळात आपल्या मुंबईतही एक शोध लागला. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईला आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. गरीब गरोदर स्त्रियांना होणाऱ्या पंडुरोगावर यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त काळ्या राबीने गुण येतो, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. हे शोषले जाते लहान आतड्याच्या वरच्या भागात. रक्त तयार होण्यासाठी दोन्ही लागतात, पण दोघांची उतरण्याची ठाणी वेगळी. आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांच्या ध्यानात एक धोका आला. बी-१२ कमी असलेल्या रोग्याला नुसते फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंचा ऱ्हास चालूच राहतो. वरून रंग चढतो, आतून वासे किडतात.

आमच्या आबांच्या आतड्याला क्षय झाला होता. १९९४ साली बाहेरगावच्या एका रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली. लहान आणि मोठे आतडे जेथे मिळते, तो भाग काढून टाकावा लागला. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. आबा खडखडीत बरे झाले, शेतावर जाऊ लागले, आणि रुग्णालयाचा कागद आईने ट्रंकेत ठेवून दिला.

सात वर्षे काही झाले नाही. यकृतात बी-१२ ची शिल्लक काही वर्षे पुरते, हे मला नंतर समजले. मग आबा थकू लागले. "पायाखाली कापूस असल्यागत वाटतंय बघ," असे म्हणत. त्यांच्या चपला पायांतून निसटत, आणि निसटल्या हे त्यांना कळत नसे. नावे विसरू लागले, चिडचिड करू लागले. आम्ही म्हटले, वय झाले. एका डॉक्टरांनी रक्त तपासले, पंडुरोग आहे म्हणून लोह आणि फॉलिक आम्लाचे टॉनिक दिले. रक्त सुधारले, आम्ही निश्चिंत झालो. पाय मात्र बिघडतच गेले. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून मी रोजच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणल्या. त्यांत बी-१२ होते, पण अगदी थोडे. आबा ती गोळी वर्षभर नेमाने घेत होते. गाडीत प्रवासी बसत होता, पण त्याचे ठाणेच रुळावरून उखडून टाकलेले होते.

२००४ साली एका तरुण डॉक्टरने पहिल्याच भेटीत विचारले, "पोटाचं काही ऑपरेशन झालंय का?" मी घरी येऊन ट्रंक उघडली. दहा वर्षे घडी न मोडलेल्या त्या कागदावर कोणता भाग काढला ते स्वच्छ अक्षरात लिहिले होते. 'शेषांत्राचा शेवटचा भाग' एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरने तो वाचला आणि इंजेक्शने सुरू केली. आबांची स्मरणशक्ती बरीचशी परत आली, चिडचिड गेली. नातवंडांना ते पुन्हा नावाने हाका मारू लागले. पायांची जाणीव मात्र पूर्णपणे परत आली नाही. २०११ साली ते गेले, तोवर काठी सुटली नाही.

कागदावर ते लिहिणाऱ्यांनी आम्हाला त्याचा अर्थ सांगितला नाही, टॉनिक देणाऱ्यांनी कागद मागितला नाही, हे खरे. पण वर्गात 'मूळ कागद पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका' म्हणून मुलांच्या कानीकपाळी ओरडणारा मी, घरातलाच मूळ कागद मी दहा वर्षांत उघडून पाहिला नव्हता. हा दोष मला दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही. आज बी-१२ च्या खूप मोठ्या मात्रेची गोळी मिळते. तिच्यातला सुमारे एक टक्का भाग सोबत्याशिवाय, ठाण्याशिवायही आतड्याच्या भिंतीतून आत झिरपतो, आणि मात्राच मोठी असल्यामुळे काही रोग्यांना तेवढा पुरतो. पण ते ठरवण्यासाठी आधी ठाणे नाही, हे कळायला हवे.

जंताच्या गोळ्यांचा दिवस पुढच्या वर्षी पुन्हा आला, तेव्हा विज्ञानाच्या खोलीतला पचनसंस्थेचा तक्ता मी नववीच्या वर्गात नेला. ती मुलगी पुढच्याच बाकावर होती. "गेल्या वर्षी मी तुला चुकीचं उत्तर दिलं होतं," असे सांगून मी छडीने एक एक ठाणे दाखवत गेलो. घार, पोटाला भोक पडलेला हमाल, बाटलीचे बूच चाटणारा डॉक्टर, मुंबईची लुसी विल्स, सगळे सांगितले. शेषांत्रापाशी आल्यावर आबांचेही सांगितले. वर्ग शांत झाला. घंटा झाल्यावर त्या मुलीने विचारले, "सर, आमच्या आजीचं पण ऑपरेशन झालंय. तिचा कागद कुठं असेल?"

"घरी जा आणि आधी ट्रंक बघ," मी म्हटले.